टाकीलाही विरजण लागतं

नवी काचेची टाकी घरात आली की मुलांना त्याच संध्याकाळी मासे हवे असतात. टाकीसोबत दुकानातून दोन बाटल्या आलेल्या असतात: एक अँटी-क्लोरीनची, दुसरी ‘चांगल्या जिवाणूंची’. दोन्हींचे थेंब टाकायचे आणि मासे सोडायचे. आठ-दहा दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि घरात वाक्य ठरलेलं असतं, ‘आपल्या अहमदपूरचं पाणीच खराब.’ हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य सडून त्यात भर पडते. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, थोडं थोडं पाणी बदलून ते आटोक्यात राहतं. जिवाणूंची ही वसाहत उभी करणं म्हणजे टाकीचं सायकलिंग. आपल्या घरच्या भाषेत, विरजण लावणं. फरक वेळेचा आहे. दही रातोरात लागतं. हे जिवाणू दुप्पट व्हायलाच साधारण एक दिवस घेतात. म्हणून टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

‘दोन्ही बाटल्यांचं काम एकच’ हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. अँटी-क्लोरीनमध्ये बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीन निष्प्रभ करतं, अमोनिया खात नाही. आणि क्लोरीन असलेल्या पाण्यात जिवाणूंची बाटली रिकामी करणं म्हणजे उकळत्या दुधात विरजण घालणं. क्रम असा: आधी अँटी-क्लोरीन, पाणी ढवळून थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग जिवाणू.

पण अँटी-क्लोरीन प्रत्येक वेळी लागतंच असंही नाही. मराठवाड्यातल्या अनेक गावांसारखं इथेही नळाला रोज पाणी येत नाही. हौदात एक-दोन दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. नळ आला त्याच दिवशीचं पाणी, किंवा टीसीएल पावडर टाकलेलं टँकरचं पाणी असेल, तर मात्र थेंब हवेतच. पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावा असं भारतीय मानक सांगतं. माणसाला सुरक्षित असलेली ही मात्रा माशाच्या कल्ल्यांना पुरेशी घातक आहे. बोअरच्या कच्च्या पाण्यात क्लोरीन नसतोच.

‘बाटली ओतली की टाकी तयार.’ इथे बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला हवं. अनेक बाटल्यांत बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते बीजाणूंच्या रूपात महिनोन्‌महिने टिकतात, गाळ कुजवतात. पण अमोनियाचं नायट्रेट करणं हे त्यांचं काम नव्हे. ते काम करणारे नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा बीजाणू बनवत नाहीत आणि फार उष्णता सोसत नाहीत. मे महिन्यात लातूरहून गाडीच्या टपावर तापत आलेल्या बाटलीत त्यांतले किती जिवंत असतील, हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा. चांगली, ताजी, थंड ठेवलेली बाटली वेळ वाचवते, पण काही आठवड्यांचं काम एका रात्रीत करत नाही. माझ्या मते तिच्यापेक्षा भरवशाचं विरजण म्हणजे ओळखीच्या घरातल्या निरोगी, जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा. तो ओला ठेवूनच आणायचा.

‘आपलं पाणी जड आहे, म्हणून जारचं पाणी भरा.’ हा सल्ला उलटा आहे. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी क्षारयुक्त असतं आणि जिवाणूंना त्यातली क्षारता लागते: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. जारच्या आरओ पाण्यात ती नावापुरतीच असल्याने पाणी आम्ल होत जातं आणि काम अडतं. जड पाण्याचा धोका वेगळा आहे: त्याचा पीएच बहुधा चढा असतो. पीएच 7 आणि 25 अंशांना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच 8 ला पाच टक्क्यांहून अधिक, आणि उन्हाळ्यात पाणी 32 अंशांवर गेलं की आठ टक्क्यांपर्यंत. म्हणून इथे घाई जास्त महाग पडते.

‘पाणी काचेसारखं नितळ आहे, म्हणजे चांगलं.’ अमोनियाला रंग नसतो. तपासणी संच घ्यावाच. त्यातही एक इथला चकवा आहे: मराठवाड्यातल्या अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट पिण्यासाठीच्या 45 मिलिग्रॅम मर्यादेच्या वर असतं. अशा पाण्यात पहिल्याच दिवशी नायट्रेट दिसतं आणि सायकल पूर्ण झाल्याचा भास होतो. आधी नुसतं बोअरचं पाणी तपासून आकडा लिहून ठेवावा.

जिवाणू पाण्यात कमी, स्पंजवर आणि खड्यांवर जास्त राहतात. स्पंज नळाखाली स्वच्छ धुणं म्हणजे विरजणाचं भांडं घासून ठेवणं. तो टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. मासा आजारी नसताना ‘खबरदारी म्हणून’ निळं औषध टाकू नये, ते जिवाणूंनाही बाधतं. खडे मीठ मात्र निरर्थक नाही: त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, पण नायट्राइट काढून टाकत नाही.

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, फिल्टर चालू ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढतील, मग उतरतील. दोन्ही आठवडाभर शून्यावर राहिले की दोन-तीन छोटे मासे सोडा, बाकीचे पुढच्या महिन्यात.