नांदेडात जेवायचं कुठं?

नांदेडच्या स्टेशनाबाहेर एखाद्या रिक्षावाल्याला जेवणाची जागा विचारा. हॉटेलांची नावं त्याला पाठ असतात, पण बहुतेक वेळा तो आधी लंगरचं, म्हणजे गुरुद्वारातल्या मोफत पंगतीचं, नाव घेतो. विचारणारा शीख आहे का, त्याच्या खिशात किती आहेत, हे तो बघत नाही. डोक्याला बांधायला रुमाल आहे का, एवढं मात्र विचारील.

पाण्याच्या काठावर बसून जेवायची हौस जगभर महाग पडते. इटलीतल्या बऱ्याच उपाहारगृहांत तर बिलावर 'कोपेर्तो' म्हणून नुसत्या बसण्याचा वेगळा आकार लागतो, मग खायचं काहीही मागवा. गोदाकाठच्या लंगरात अट बसण्याचीच आहे, आकार काही नाही. चपला काढा, डोकं झाका, हात धुवा, ताट घ्या आणि रांगेत शेजाऱ्याला लागून बसा.

ही पंगत इथं का पडली, त्यासाठी १७०८ सालात जावं लागतं. बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आलेले गुरू गोविंदसिंग नांदेडला थांबले. इथंच माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग होऊन पंजाबकडं निघाला. इथंच गुरूंवर तंबूत हल्ला झाला, आणि ऑक्टोबरात त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुगादी ग्रंथसाहिबाला दिली. या घटनेला तीनशे वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, 'गुरुता गद्दी'चा सोहळा झाला. त्यानिमित्तानं शहराचे रस्ते आणि घाट नव्यानं बांधले गेले. आज दिसतं ते नांदेड बरंचसं त्या सोहळ्यानं घडवलेलं आहे.

इथल्या मुख्य गुरुद्वाराची, म्हणजे सचखंड श्री हजूरसाहिबची, वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. मुलूख निजामाचा, पैसा लाहोरचा. त्या काळात पंजाबातून आलेल्या शिपायांपैकी अनेक जण इकडंच राहिले. त्यांचे वंशज, म्हणजे दखनी शीख, बाजारात आपल्याशी अस्सल मराठवाडी मराठीत घासाघीस करतात आणि अमृतसरहून आलेल्या यात्रेकरूला पंजाबीत वाट सांगतात. हजूरसाहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. त्याचा कारभार अजूनही हैदराबाद राज्यात १९५६ साली झालेल्या कायद्यानं चालतो.

तख्तात लंगर आहेच, शहरातल्या इतर गुरुद्वारांतही आहे. पण नांदेडकर नुसतं 'लंगर' म्हणतो तेव्हा बहुधा गुरुद्वारा लंगरसाहिब त्याच्या मनात असतो. तो उभा केला बाबा निधानसिंगांनी. होशियारपूर जिल्ह्यातला हा तरुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेवेसाठी इथं आला. इथली जी कथा सगळे सांगतात ती अशी: काही काळानं मन उदास होऊन तो परत निघाला आणि स्टेशनावर गाडीची वाट बघत बसला. तिथं त्याला गुरू गोविंदसिंगांचं दर्शन झालं. इथंच थांब, लोकांना जेवू घाल, खिसा माझा आणि हात तुझा, असं त्यांनी सांगितलं. कथेवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला तिच्यातला हिशोब आवडतो. पैसा कुठून येईल याची काळजी वाढणाऱ्यानं करायची नाही, आणि हातात आलेला पैसा आपला समजायचा नाही. १९४७ साली बाबा गेले. त्यांच्यामागून आलेल्या बाबांनी चूल विझू दिली नाही.

या स्वयंपाकघराची खरी अडचण पैशाची नाहीच, अंदाजाची आहे. लग्नाच्या आचाऱ्याला पानं किती ते आधी सांगितलेलं असतं. इथं रात्री अकराला एखादी बस येऊन साठ माणसं उतरली, तरी त्यांना परत पाठवायचं नाही. म्हणून पदार्थ असे, की वाढवता येतील. दाल उकळत असते, तिच्यात आणखी पाणी आणि आणखी दाल जाते. कणीक मळणं सुरूच असतं. मोठ्या लोखंडी तव्यांभोवती लाटणाऱ्यांचा घोळका बसतो, त्यात परगावच्या यात्रेकरू बायका असतात आणि पोरंही असतात. एक जण उठला की दुसरा लाटणं घेतो. पोळीला इथं परशादा म्हणतात. ती ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढं केले की हातांवर ठेवतात.

आता मराठवाड्याच्या माणसाची तक्रार. हा सगळा मुलूख ज्वारीचा, आणि लंगरात भाकरी नाही. त्याला कारण आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात मळून एकेक भाकरी हातानं थापावी लागते. हजारोंच्या पंगतीला ते झेपत नाही. गहू मात्र लाटता येतो, थप्पी लावून ठेवता येतो, आणि पंजाबातून ट्रक भरून येतोही. दालीचंही तसंच. शेजारच्या लातूरची ओळख तुरीच्या बाजारपेठेची. त्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर अलीकडंच भौगोलिक मानांकन मिळालं. आपली जीभ त्या फोडणीच्या वरणाची. लंगरातली दाल उडदाची किंवा हरभऱ्याची, दाट, सौम्य, पोटाला आधार देणारी. सोबत एखादी भाजी, भात, कधी खीर. ठेचा मागू नये, मिळत नाही.

पण या पंगतीत वाढलेल्या अन्नापेक्षा बसण्याची रीत महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या गावजेवणात पंगती उठायच्या त्या जातीजातीनं. कुणी आधी जेवायचं आणि कुणाला वेशीबाहेर वाढायचं, हे ठरलेलं होतं. ज्यांनी हे भोगलं ती माणसं आजही हयात आहेत. गुरू नानकांनी सुरू केलेल्या आणि गुरू अमरदासांनी दर्शनाआधी सक्तीच्या केलेल्या पंगतीत हा क्रम मोडला. अकबरालाही आधी खाली बसून जेवावं लागलं, अशी आख्यायिका आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे मानले जाणारे संत नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची एकसष्ट पदं ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे ज्याला देवळातून उठवलं गेल्याचं आपण सांगतो, त्या शिंप्याची वाणी तिकडच्या सगळ्यात पवित्र ग्रंथात बसली. त्या ग्रंथाच्या दारातली पंगत पुन्हा गोदावरीकाठी येऊन पडली, यात मला मोठी गंमत वाटते.

अडचणीच्या काळात या व्यवस्थेचा कस लागला. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. महिनाभराहून अधिक काळ त्यांचं खाणंपिणं इथंच झालं, आणि शहरातल्या हातावर पोट असणाऱ्यांपर्यंतही डबे जात होते. एप्रिलअखेर बसगाड्या त्यांना घेऊन गेल्या. तिकडं अनेकांना कोरोनाची लागण झाल्याचं निघालं आणि चार दिवसांत दोष नांदेडच्या माथी आला. पुढं काही सेवादारही बाधित निघाले, लंगरसाहिबची वास्तू बंद करावी लागली. रात्रंदिवस पेटत्या राहणाऱ्या चुलीच्या वाट्याला असे दिवस फार आले नसतील.

एरवी तिथं जेवायला कोण असतं? यात्रेकरू तर असतातच. दवाखान्यात पेशंट ठेवून आलेले नातेवाईक असतात, बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेली माणसं असतात, 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी खोली करून राहिलेली आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा झालेली पोरं असतात. नोकरदार नांदेडकर मात्र पाहुणे आले तरच जातो. फुकट कसं खायचं, हा त्याचा संकोच. मला तो पटत नाही. ताटं घासायच्या जागी पंजाबातली सुखवस्तू माणसं बाह्या सरसावून उभी असतात. ज्याला फुकट खाल्ल्याचं ओझं वाटतं, त्यानं तिथं तासभर उभं राहावं.

आणि ही पंगत नांदेडात संपत नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटरांहून लांब पल्ला तोडते, आणि वाटेत मनमाड, भोपाळ, दिल्ली अशा अनेक स्टेशनांवर स्थानिक संगत, म्हणजे तिथली शीख मंडळी, बादल्या घेऊन फलाटावर उभी असते. कुठं कढी-भात, कुठं छोले, कुठं बटाट्याची भाजी. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत वाढणं उरकायचं असल्यामुळं खिडकीतून आणि दारातून भांडी पुढं होतात. वातानुकूलित डब्यातली मंडळीही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा या गाडीचं तिकीट काढलंत, तर फराळाची पिशवी घरी ठेवा. एक ताट, एक वाटी आणि घट्ट झाकणाचा डबा मात्र विसरू नका, कढी सांडते.