पोटाला मार लागला होता का?

मुलचेऱ्यात कावीळ, पोटदुखी आणि अशक्तपणा घेऊन कोणी आले की डॉक्टरांच्या मनात आधी सिकलसेल येतो. गडचिरोली जिल्ह्यात ते योग्यच आहे. पण त्या दिवशीच्या तरुणाला शौचाला डांबरासारखे काळे होत होते, नाडी ११०च्या पुढे, ओठ पांढरेफटक. डॉक्टरांनी त्याच्या भावाला विचारले, "महिना-दोन महिन्यांत पोटाला मार लागला होता का?"

"गाडीवरून पडला होता जी. पण ते तं बरं झालं."

दुखणे थांबले होते, एवढेच. यकृतातली धमनी फाटली की आजूबाजूचे ऊतक आणि गोठलेले रक्त तिला काही काळ थोपवून धरते. तिथे फुगा तयार होतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पित्तनलिकेत फुटतो. रक्त तिथून आतड्यात उतरते. पोटातली कळ, कावीळ आणि रक्तस्राव या तिन्ही लक्षणांची सांगड क्विंके या डॉक्टरांनी १८७१ मध्ये घातली. मात्र ती एकत्र दिसतात साधारण तिघांतल्या एकाच रुग्णात. शिवाय स्राव मधेच थांबतो. दुर्बिणीतून जठर स्वच्छ दिसते, रुग्णाला हुशारी वाटते आणि घरचे सुट्टी मागतात. मला यातली हीच वेळ सर्वांत धोक्याची वाटते. निदान होते ते डाय देऊन काढलेल्या सीटी अँजिओग्राफीत.

त्यासाठी दोनशे किलोमीटरहून दूर नागपूर. दोन्ही हातांना सलाईन लावून, रक्ताची सोय करूनच रुग्ण निघायला हवा.

नागपुरातले पुढचे मी काचेआडून पाहिले. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीत, तिथून यकृताच्या धमनीत गेली. डाय सोडताच पडद्यावर काळा ठिपका भरला. तिथल्या डॉक्टरांनी नळी फुग्याच्या पलीकडे नेऊन आधी तिथे धातूच्या कॉइल बसवल्या, मग अलीकडे. यकृतातल्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. नुसती अलीकडची बाजू बंद केली तर रक्त मागून येऊन फुगा पुन्हा भरतो. धमनीची शाखा बंद करूनही यकृत सहसा तगते, कारण त्याचे सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते. म्हणून ती शीर वाहती आहे ना, हे आधीच पाहिलेले असते. रक्त थेट पोटाच्या पोकळीत सांडून रुग्ण कोसळत असेल, तर मात्र अनेकदा पोट उघडावेच लागते.

यकृताला मार लागलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहून द्यावे : पुढच्या दोन महिन्यांत काळे शौच, रक्ताची उलटी, कावीळ किंवा पोटात कळ, यांतले एक जरी झाले तरी त्याच दिवशी दवाखान्यात या आणि हे कार्ड दाखवा.