गोल्फपटूचे बेभरवशाचे उत्पन्न आणि जुगाराची ओढ

व्यावसायिक गोल्फपटूंनी जुगारात गमावलेल्या रकमांचे आकडे प्रसिद्ध झाले की, अमाप पैसा आणि त्याची धुंदी एवढे कारण सांगून विषय बहुधा मिटवला जातो. परंतु या खेळाडूंच्या हाती पैसा किती येतो यापेक्षा तो कोणत्या रीतीने येतो हे पाहिले, तर या ओढीचे मूळ श्रीमंतीपेक्षा उत्पन्नाच्या अनिश्चिततेत अधिक आहे असे दिसते. ही अनिश्चितता समजून घेण्यासाठी चंडीगडसारखे दुसरे शहर भारतात क्वचितच सापडेल. कारण सुखना तलावाजवळच्या चंडीगड गोल्फ क्लबच्या परिसरात घडलेल्या खेळाडूंनी भारतीय गोल्फला जगाच्या नकाशावर नेले आणि या व्यवसायातले चढउतारही जवळून अनुभवले.

धावपटू मिल्खा सिंग यांचे पुत्र जीव मिल्खा सिंग १९९३ मध्ये व्यावसायिक झाले आणि युरोपियन टूरचे सदस्यत्व मिळवणारे पहिले भारतीय ठरले. टूर म्हणजे वर्षभर निरनिराळ्या देशांत चालणारी स्पर्धांची मालिका. एवढी मजल मारल्यानंतरही १९९९ पासून एप्रिल २००६ मधील चायना ओपनपर्यंत त्यांना एकही मोठे विजेतेपद मिळाले नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेनमधील वाल्देरामा येथे त्यांनी व्होल्वो मास्टर्स जिंकली. त्या मधल्या वर्षांत खेळाडू तोच होता, कष्टही तेच होते. पण नोकरदाराला महिन्याच्या शेवटी मिळणाऱ्या पगारासारखा कोणताही आधार या व्यवसायात नसतो.

याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. चार दिवसांच्या बहुतेक स्पर्धांत दोन दिवसांनंतर, म्हणजे ३६ होल खेळून झाल्यावर, 'कट' लागतो. ठरावीक क्रमांकापर्यंतचे खेळाडू पुढे खेळतात आणि उरलेले, बहुधा निम्म्याहून अधिक, बक्षिसाचा एकही रुपया न मिळता परततात. विमानप्रवास, हॉटेल, प्रशिक्षक आणि खेळाचे साहित्य वाहून सल्लाही देणारा कॅडी, यांचा खर्च मात्र त्यांच्याच खिशातून झालेला असतो. उलट अमेरिकेच्या पीजीए टूरवर विजेत्याला एकूण रकमेच्या साधारण १८ टक्के एकट्याला मिळतात. चंडीगडचाच शुभंकर शर्मा वयाच्या २१ व्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, मलेशियातील मेबँक स्पर्धा जिंकून ५ लाख डॉलरचा धनी झाला. पुढच्याच महिन्यात मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत तीन दिवसांच्या खेळानंतर तो दोन फटक्यांनी आघाडीवर होता. शेवटच्या दिवशी मात्र त्याला ७४ फटके लागले, तो संयुक्त नवव्या स्थानावर घसरला, आणि विजेत्याचे १७ लाख डॉलर अमेरिकेच्या फिल मिकलसनकडे गेले. एका दुपारच्या मोजक्या फटक्यांवर एवढी रक्कम फिरते, हे ज्याच्या अंगवळणी पडते त्याची पैशाकडे पाहण्याची नजर इतरांसारखी राहणे कठीण आहे.

त्यात पैज ही या खेळात जुनीच आहे. क्लबांमध्ये रूढ असलेल्या 'नॅसॉ' नावाच्या प्रकारात पहिले नऊ होल, पुढचे नऊ होल आणि संपूर्ण अठरा होल अशा तीन वेगळ्या पैजा लागतात, आणि मागे पडलेल्या खेळाडूला मध्येच नवी पैज लावून नुकसान भरून काढण्याची मुभा असते. हौशी खेळाडूंनी ओळखीच्यांमध्ये, स्वखुशीने आणि माफक रकमेची पैज लावण्यास गोल्फच्या नियामक संस्थांची हरकत नाही, आणि मित्रमंडळींच्या खेळात तिने रंगत येते हेही खरे आहे. पण गेलेले पैसे पुढच्या डावात वसूल करायचे ही सवय तिथेच लागते, आणि व्यसनाच्या वैद्यकशास्त्रात नेमके हेच एक प्रमुख लक्षण मानले जाते.

ही सवय कोणत्या थराला जाऊ शकते, हे जॉन डेली या अमेरिकन खेळाडूने २००६ मधील आपल्या आत्मकथनात स्वतःच सांगितले आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टायगर वुड्सकडून निर्णायक जादा होलांवर हरल्यानंतर उपविजेतेपदाचे साडेसात लाख डॉलर त्याच्या वाट्याला आले. तो थेट लास व्हेगासला गेला आणि प्रत्येक खेळीला ५ हजार डॉलर घेणाऱ्या यंत्रांसमोर बसून अवघ्या पाच तासांत साडेसोळा लाख डॉलर हरला. बारा-पंधरा वर्षांतले त्याचे एकूण नुकसान ५ ते ६ कोटी डॉलर होते. मिकलसनविषयी बिली वॉल्टर्स या व्यावसायिक सट्टेबाजाने २०२३ मध्ये दावा केला की, त्याने तीन दशकांत १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या पैजा लावल्या आणि सुमारे १० कोटी डॉलर गमावले. रायडर कप या गोल्फ स्पर्धेवर आपण कधीही पैज लावली नाही, असे मिकलसनने यावर सांगितले. मात्र आपला जुगार बेपर्वा आणि लाजिरवाणा झाला होता, याची कबुली त्याने २०२२ मध्येच दिली होती.

मानसशास्त्रानुसार, बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळाले तर ते मिळवण्याची सवय अधिक घट्ट होते आणि सुटता सुटत नाही. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते, आणि गोल्फपटूचे वर्षही बरेचसे असेच जाते. शिवाय कट चुकलेल्या खेळाडूपुढे शुक्रवारच्या संध्याकाळपासून पुढच्या स्पर्धेपर्यंतचे रिकामे दिवस उरतात, परक्या शहरातली खोली असते आणि हातात मोबाइल असतो. या मोकळ्या दिवसांकडे क्रीडाक्षेत्राने दिले पाहिजे तेवढे लक्ष दिलेले नाही.

अमेरिकेत पीजीए टूरने २०१८ पासून खेळाडूंना गोल्फवर पैज लावण्यास सक्त मनाई केली असून, २०२३ मध्ये तिच्या दुय्यम टूरवरील दोघांना, स्वतः न खेळलेल्या स्पर्धांवर पैजा लावल्याबद्दल, काही महिने निलंबित व्हावे लागले. या नियमांचा रोख खेळाच्या सचोटीवर आहे. फुटबॉलवर किंवा पत्त्यांवर सर्वस्व घालवणाऱ्या खेळाडूला ते वाचवू शकत नाहीत. भारतात १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच काढून टाकला.

कायद्याची वाट खेळाडूच्या घरापर्यंत पोहोचत नाही, तिथे कुटुंब महत्त्वाचे ठरते. शुभंकर सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला, आणि त्याच्या खेळासाठी लष्करातील वडिलांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मिल्खा सिंग यांनी आपल्या आयुष्यावरील चित्रपटाचे हक्क अवघ्या १ रुपयाला दिले होते. पैशाशी असे नाते असलेली घरे प्रत्येक खेळाडूला लाभत नाहीत. म्हणून स्विंग सुधारणारा प्रशिक्षक जसा नेमला जातो, तसाच कोवळ्या वयातील व्यावसायिकांसाठी आर्थिक सल्लागार आणि मानसोपचारतज्ज्ञही असावा, ही मागणी रास्त आहे. जुगाराच्या व्यसनावरील उपचारांत आर्थिक व्यवहार काही काळ विश्वासू व्यक्तीच्या हाती सोपवण्याचा उपाय सर्रास वापरला जातो, आणि चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत मनोविकार विभागाचे व्यसनमुक्ती केंद्र कित्येक वर्षांपासून चालू आहे. गोल्फ क्लबपासून ते काही मैलांवरच आहे.