काळ्या पाषाणांतील हिरवें रान

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढतांना दोहों बाजूंस पायऱ्या-पायऱ्यांचे उघडे डोंगर दिसतात. "नुसता दगड; येथें काय उगवणार?" असें प्रवासी सहज बोलून जातो. आम्हीही पूर्वीं असेंच म्हणत असूं. या दगडाचा इतिहास कळल्यावर मात्र आमचें मत पालटलें.

बालाघाटाचा हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस भेगा पडून हा रस पुरासारखा पसरला. त्या काळीं भारत आशियास जोडलेला नव्हता; चोहोंकडे समुद्र असलेलें तें एक प्रचंड बेट होतें. एक पूर थिजे, कालांतरानें त्यावर दुसरा येई. असे थरांवर थर चढले आणि पुढें ते कमी-अधिक झिजून डोंगरांस पायऱ्या पडल्या.

मग त्या दग्ध भूमीवर झाडें आलीं कोठून? दोन पुरांच्या मध्यें कधीं कधीं हजारों वर्षांची उसंत असे. तेवढ्यांत पावसानें खडक कुजे, खळग्यांत तळीं सांचत, आणि न जळलेल्या भागांतून वारा, पाणी व प्राणी बीं आणून टाकीत. रान उभें राही. पुन्हां लाव्हा येई व तें गाडून टाकी. याचे साक्षी नागपूर-छिंदवाडा भागांत सांपडतात. तेथील दोन लाव्हाथरांमधील गाळांत शिरलेल्या गारेच्या अंशानें लांकडाची पेशी न् पेशी दगडांत जपली आहे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत नागपुरास मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं असे अवशेष गोळा केले, पुढें डॉ. बिरबल साहनी यांनीं त्यांचा सखोल अभ्यास केला. मोहगांव कलान येथें ताडवर्गाचीं खोडें तर मिळालींच, पण आज सुंदरबनाच्या खाऱ्या चिखलांत वाढणाऱ्या निपा नामक ताडाचें फळही मिळालें!

हें पुनर्जीवन मनुष्यानें डोळ्यांनींही पाहिलें आहे. १८८३ सालीं क्राकाटोआ बेट ज्वालामुखीनें होरपळून निघालें. १८८४ मध्यें गेलेल्या शोधकांस तेथें एक लहानसा कोळी तेवढा जिवंत आढळला. १८८६ मध्यें राखेवर शेवाळ व नेचे दिसूं लागले. आणि पन्नास वर्षांच्या आंत तेथें रान माजलें.

तेव्हां दगड वांझ नव्हे. त्यास हवी असते ती उसंत, आणि ती आज आपणच देत नाहीं. उघड्या उतारावरील माती वळिवाच्या चार सरींत ओढ्याला लागते. पावसाचें पाणी मुरण्यास जागा उरत नाहीं. ज्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दर वर्षीं ऊसतोडणीसाठीं घरदार सोडून जातात, तेथें मुठभर मातीचें मोल कोणी सांगावयास नको.

याच माळावरील सीताफळ पाहा. मूळचें तें अमेरिकेचें. परंतु आज बालाघाटाच्या फटीफटींतून तें उगवतें, आणि २०१६ मध्यें बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही लाभलें. घरीं मुलें सीताफळ खाऊन बिया ताटांत टाकतील, तेव्हां त्या केरांत जाऊं न देतां पावसाळ्याच्या तोंडीं एखाद्या उघड्या उतारावर पेरून याव्या. लाव्हारसावर रान वसलें तें अशाच बियांनीं.