ऊतक सांधणारी शल्यद्रव्ये : त्यांचे गोठणे व त्याचे नियमन

जखम बंद करण्याचा टाका हा जुना व विश्वासाचा उपाय होय. तथापि त्यास मर्यादा आहेत. सुई जेथून जाते तेथे छिद्र पडते, आणि दोन टाक्यांमध्ये फट राहते. फुप्फुसातून हवा, रक्तवाहिनीच्या सांध्यातून रक्त, किंवा मेंदूभोवतीच्या दृढतानिकेतून मस्तिष्क-मेरुद्रव झिरपू लागला, तर टाका पुरेसा ठरत नाही. अशा ठिकाणी टाक्यांच्या जोडीला सांधक द्रव्य, म्हणजेच सीलंट, वापरतात. लावतेवेळी ते द्रवरूप असावे आणि लावल्यानंतर थोड्याच अवधीत घनरूप व्हावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. गोठण्यास विलंब झाला तर ते रक्ताबरोबर वाहून जाते. अतिशीघ्र गोठले तर ऊतकाच्या खाचाखळग्यांत शिरण्यापूर्वीच त्याचा पापुद्रा बनतो व तो सुटून येतो. गोठणकाल, बळकटी, ऊतकाला चिकटण्याची शक्ती, पाणी शोषून फुगणे व कालांतराने विघटन पावणे हे या द्रव्याचे निरनिराळे गुण होत. त्यांपैकी एक बदलला असता इतरांचे काय होते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

फायब्रिन सांधकाच्या उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होतो. यात रक्त गोठण्याच्या अखेरच्या पायरीचीच पुनरावृत्ती केलेली असते. एका पिचकारीत फायब्रिनोजेन व तेरावा घटक, दुसरीत थ्रॉम्बिन व कॅल्शियम ठेवतात. थ्रॉम्बिन हे एंझाइम फायब्रिनोजेनच्या रेणूतील लहान पेप्टाइडे तोडते. उरलेले रेणू परस्परांत गुंफून तंतू बनतात, आणि तेराव्या घटकाच्या योगाने त्या तंतूंमध्ये सहसंयुजी बंध निर्माण होतात. यंग व मेडावर यांनी 1940 साली मज्जातंतू जोडण्यासाठी रक्तद्रवाचा असा उपयोग केला होता. परंतु रक्तद्रवात फायब्रिनोजेनचे प्रमाण लिटरमागे सुमारे 2 ते 4 ग्रॅम एवढेच असते, त्यामुळे सांधा दुर्बळ राहतो. 1972 साली व्हिएन्नात मात्रास व सहकाऱ्यांनी संहत फायब्रिनोजेन वापरले, तेव्हापासून या पद्धतीस व्यावहारिक महत्त्व आले.

या द्रव्यात गोठण्याचा वेग मुख्यतः थ्रॉम्बिनच्या प्रमाणावर, तर बळकटी मुख्यतः फायब्रिनोजेनच्या प्रमाणावर अवलंबून असते. दर मिलिलिटरला 500 एकके थ्रॉम्बिन असल्यास मिश्रण काही सेकंदांतच गोठते. 4 एकके असल्यास सुमारे एक मिनिटापर्यंत अवधी मिळतो. रक्तस्राव थांबविण्यास पहिले, तर त्वचेचा तुकडा नीट जागी बसवून घेण्यास दुसरे सोयीचे पडते. तथापि हे दोन गुण सर्वस्वी स्वतंत्र नाहीत. थ्रॉम्बिन कमी असता तंतू जाड व जाळी विरळ होते. अधिक असता तंतू बारीक व जाळी दाट होते. म्हणजे वेळ बदलताना रचनाही बदलते.

संश्लेषित द्रव्यांत पॉलिएथिलीन ग्लायकॉलवर आधारलेली जेले महत्त्वाची आहेत. त्यांच्या एका प्रकारात बहुवारिकाच्या टोकांवरील क्रियाशील एस्टर गटांची विक्रिया ट्रायलायसीनमधील अमाइन गटांशी होते आणि त्रिमितीय जाळे तयार होते. अमाइन गट प्रोटॉनविरहित असेल तरच तो विक्रिया करतो; म्हणून विद्राव जितका अल्कधर्मी तितके गोठणे शीघ्र. परंतु अल्कधर्मी माध्यमात एस्टर गटाचे जलविच्छेदनही वेगाने होते. परिणामी शीघ्रतेसाठी पीएच वाढविताना जाळ्यात सामील होऊ शकणारे काही गट वाया जातात. शिवाय दोन्ही विद्राव मिश्रक-नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच गोठू लागले तर नळी तुंबते. वेगाची वरची मर्यादा अशा रीतीने रसायनाइतकीच उपकरणानेही ठरते.

फुगण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जाळे विरळ असले की जेल अधिक पाणी शोषते. मोकळ्या जागी याने फारसे बिघडत नाही. परंतु मेरुरज्जूच्या अस्थिमय नालिकेत फुगणारे जेल मज्जातंतूंवर दाब आणू शकते. कवटीवरील शस्त्रक्रियेत दृढतानिका बंद करण्यासाठी अमेरिकेत 2005 साली संमत झालेल्या अशा द्रव्याचे कमी फुगणारे रूप पाठीच्या कण्यासाठी वेगळे तयार करावे लागले व ते 2009 साली संमत झाले. त्यात कमी रेणुभाराचे बहुवारिक वापरून जाळे दाट करण्यात आले. रसायन तेच, पण स्थान बदलताच द्रव्य बदलावे लागले.

गोठण्याचा आरंभ शल्यचिकित्सकाच्या हाती ठेवण्याचा एक मार्ग प्रकाशाचा आहे. फुप्फुसातील हवेची गळती रोखण्यासाठी 2000 साली अमेरिकेत संमत झालेल्या द्रव्यात इओसीन हा रंजक निळसर-हिरवा प्रकाश शोषून बहुवारिकीकरण सुरू करतो; प्रकाश पडेपर्यंत द्रव्य पसरविण्यास सवड मिळते. मात्र जेथे प्रकाश पोहोचत नाही तेथे ही पद्धत निरुपयोगी होते.

आतापर्यंतचे सर्व नियमन द्रव्याच्या अंतर्गत रचनेचे झाले. ऊतकाचा विचार त्यात कसा आणता येतो, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर्ट्झी, एडेलमन व सहकाऱ्यांनी 2009 साली दाखविले. त्यांच्या द्रव्यात डेक्स्ट्रानवरील अल्डिहाइड गटांपैकी काही अमाइनयुक्त पॉलिएथिलीन ग्लायकॉलशी बांधले जाऊन जेल बनते, व उरलेले ऊतकातील प्रथिनांच्या अमाइन गटांना धरतात. निरनिराळ्या ऊतकांच्या पृष्ठभागावर या अमाइन गटांची घनता सारखी नसते. म्हणून एकाच द्रव्याचे आसंजन एका इंद्रियावर चांगले, तर दुसऱ्यावर कमी आढळते. अल्डिहाइडचे प्रमाण त्या त्या ऊतकाच्या बेताने ठरविणे हा यातील समायोजनाचा मार्ग होय. ते सरसकट वाढविणे इष्ट नव्हे, कारण मोकळे अल्डिहाइड कोशिकांना अपायकारक असते.

यावरून संशोधनाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे ठरते. गोठणकाल सामान्यतः रिओमीटरने मोजतात. जेलाचा स्थितिस्थापक मापांक श्यान मापांकाला ओलांडतो तो क्षण गोठण्याचा मानतात. परंतु हे मापन कोरड्या, स्वच्छ धातुपट्टीवर व स्थिर तापमानात होते. शरीरातील पृष्ठभाग ओला, उष्ण व हलता असतो. रक्ताने द्रव्य पातळ होते व त्याचा पीएचही बदलतो. म्हणून केवळ गोठणकालाचा आकडा देऊन एखाद्या द्रव्याची योग्यता सिद्ध होत नाही. तो आकडा कोणत्या तापमानास, कोणत्या पीएचला व किती संहतीस मिळाला हे सांगणे आवश्यक आहे. त्याचबरोबर ओल्या ऊतकावर ते द्रव्य किती दाब सहन करते व किती फुगते, हेही मोजले पाहिजे. समायोज्यता हा द्रव्याचा एकाकी गुण नसून द्रव्य, ऊतक व शस्त्रक्रियेचे स्थान यांमधील संबंध आहे.