आपले विनीत

लग्नपत्रिकेचा मजकूर पाहुणे वाचत नाहीत. तारीख बघायची, कार्यालय कुठलं ते बघायचं, जेवण दुपारचं की रात्रीचं याचा अंदाज घ्यायचा आणि पत्रिका टीव्हीशेजारी टेकवून ठेवायची, एवढंच. तरीही छापखान्यात प्रूफ तीन-तीनदा बदलतं. पत्रिका पाहुण्यांसाठी छापत असले, तरी तिचे खरे वाचक घरचेच असतात: चुलते, आत्या, थोरले जावई. आपलं नाव आहे का, कुठल्या ओळीत आहे आणि कुणाच्या खाली आहे, हे ते चष्मा लावून बघतात.

बाकी सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. माथ्यावर ॥ श्री गणेशाय नमः ॥, लगोलग कुलदैवत. खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा. गोमंतकातलं घर असेल तर मंगेश नाहीतर शांतादुर्गा. एवढ्या एका ओळीवरून जाणता माणूस घराण्याचा मुलूख ओळखतो, बऱ्याचदा जातसुद्धा. बौद्ध कुटुंबाच्या पत्रिकेवर तथागत आणि बाबासाहेबांचं चित्र येतं, वर ‘मंगल परिणय’ असतं. सत्यशोधक विवाह असला तर जोतीराव-सावित्रीबाई. सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ रोजी, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुण्यात भटजीवाचून पहिलं लग्न लागलं. त्या परंपरेतलं घर पत्रिकेच्या माथ्यावरच आपण कोण ते सांगून मोकळं होतं.

खालचा मजकूर म्हणजे एकच लांबलचक वाक्य. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ इथे ते उघडतं, आजोबा-आजी, आई-वडील, ज्येष्ठ की कनिष्ठ, मिती, शके, वार, तारीख असं सगळं पोटात घेत जातं आणि ‘करण्याचे योजिले आहे’ इथे दम टाकतं. योजिलं कुणी, हे त्या वाक्यात नसतंच. ते कळायला तळाशी ‘आपले विनीत’पर्यंत उतरावं लागतं. मधेच मुहूर्त, तोही ‘१२ वाजून ३७ मिनिटे’ असा काटेकोर. सोलापूरच्या दाते पंचांगातून तो काढलेला असतो, आणि नवरी मामाच्या मागून बोहल्यावर येईपर्यंत तो टळणार हे भटजींनाही ठाऊक असतं. चातुर्मासात मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्तावर लग्नं लागतात, पण थोडी. त्यामुळे पत्रिकांचा धंदा जोर धरतो तो तुळशीचं लग्न लागल्यावर. तेव्हा गिरगावातल्या कांदेवाडीत, खाडिलकर रोडवर, दोन्ही घरची माणसं नमुन्यांच्या चळती उलटीपालटी करत बसलेली दिसतात. कार्ड निवडायला तास लागतो. नावांची यादी मात्र त्या तासात ठरत नाही.

नावाआधीची अक्षरं हा त्यातला सगळ्यांत नाजूक भाग. मुलगा ‘चि.’, मुलगी ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. त्याला नुसतं दीर्घायुष्य पुरतं, तिच्या पुढे सौभाग्याची इच्छाही छापून येते. नवरीचं दुसरं लग्न असलं की छापखानेवाला पेन थांबवून विचारतो, “काय टाकू?” माझ्या मते नुसतं नाव टाकावं. कुणाचं काही अडत नाही.

खरी कसोटी लागते ती नवऱ्यामुलाचे वडील हयात नसले की. ‘कै.’ लावून त्यांचं नाव वर येतं, येऊ द्यावं. पण निमंत्रण द्यायला कुणीतरी पुरुष हवा म्हणून ‘आपले विनीत’खाली काका येतात, आणि जिने एकटीने पोर वाढवलं ती आई ‘गं. भा.’ होऊन कुठेतरी मधल्या ओळीत जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव मंत्रालयातून निघाला, त्यावर केवढा गदारोळ उठला! पत्रिकेत मात्र हे ‘गं. भा.’ कुणी ठराव न करता चालत आलं आहे. सधवा आईचं तरी काय, ‘श्री. व सौ.’ असं छापून पुढे नवऱ्याचं नाव आलं की तिचं नाव गडप. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्यात सक्तीचं झालं. ती मुलं लग्नाला येतील तेव्हा छापखान्यांना मजकूर बदलावा लागेल. तोवर ज्यांना स्वतःहून बदलायचा आहे त्यांनी ‘आपले विनीत’खाली आईचं नाव पहिलं छापावं, पाहुण्यांपैकी एकही जण परत जात नाही.

ग्रामीण पत्रिकेचा थाट वेगळा. ती उघडता उघडता वर्तमानपत्राच्या पानाएवढी होते. भावकीतलं एक नाव सुटलं तर मांडवात रुसवा ठरलेला, म्हणून निमंत्रक, संयोजक, व्यवस्थापक, कार्यवाहक, प्रेषक अशी पदं निघतात. या पदांना काम काहीच नसतं, नावं बसवायला ती पाच खणांची मांडणी. आमदार आणि सोसायटीचे चेअरमन ‘प्रमुख उपस्थिती’त, लहान पोरं ‘किलबिल’मध्ये: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ एवढं करूनही धास्ती उरतेच. मग ‘समस्त परिवार व मित्रमंडळ’ आणि स्थानिक पेपरात चौकट, ‘नजरचुकीने निमंत्रण पोहोचले नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’. शहरी माणूस या पत्रिकांना हसतो. त्याने ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ छापून, शेजारी कोण काय देतोय ते बघत खिशातलं पाकीट चाचपणाऱ्या पाहुण्यांची जी पंचाईत करून ठेवली आहे, ती आधी निस्तरावी.

छापून आलेली पत्रिका लगेच वाटत नाहीत. कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं, पहिली अक्षत देवाला. पुण्यात ती कसबा गणपतीला जाते, बाकी ठिकाणी कुलदैवताला आणि ग्रामदैवताला. मग मामा. घरी गेल्यावर आधी अक्षत द्यायची, कुंकवात घोळलेले चार तांदूळ हातावर ठेवायचे आणि तोंडाने सांगायचं: “सगळ्यांनी यायचं बरं का.” तोंडी सांगण्यालाच वजन. खेड्यात ‘चूलबंद आवतण’ म्हटलं की त्या दिवशी घरातली चूल पेटवायची नाही, आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे जेवायला. लांबच्यांसाठी बुक पोस्ट होतं, पाकिटाला डिंक न लावता. आता व्हॉट्सॲप, आणि त्यावरही मागाहून फोन करावाच लागतो, नाहीतर “नुसती फॉरवर्ड केली” हा शेरा पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायचा. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली, तेव्हा कित्येकांनी ‘घरूनच आशीर्वाद द्यावेत’ असे निरोप धाडले. तेही चुलत्यांना विचारूनच.

पत्रिकेला एक सरकारी वाचकही आहे. विवाह नोंदणीच्या कागदपत्रांत लग्नपत्रिका मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. (विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची तर तीस दिवसांची नोटीसच कचेरीत लागते, हरकती मागवणारी ही एक निराळी पत्रिका.) निबंधकाच्या कचेरीतल्या कारकुनाला कुलदैवत, किलबिल, आमदार यांत रस नसतो. तो वधूवरांची नावं आधार कार्डाशी ताडून बघतो. तेव्हा घरातलं लाडाचं नाव छापायची फारच हौस असेल तर ते कंसात घालावं, कागदोपत्री नाव आधी.