शिकवणारी पाणबुडी

फ्रीगंजच्या टॉवर चौकात समुद्राचा वारा लागत नाही. शिप्रेला पूर आला की आम्हां उज्जैनकरांस तोच काय तो सागर! तरीही म्युनिकच्या संग्रहालयात १९२१ पासून ठेवलेल्या एका नौकेची हकिकत वाचकांस सांगावीशी वाटते. कारण तिचा धागा मुंबईच्या माझगाव गोदीपर्यंत पोचतो.

ही जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी, ‘यू-१’. कील येथे बांधलेली ही नौका १४ डिसेंबर १९०६ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी अवघी ४२ मीटर, पाणतीर सोडण्याची नळी एकच. पाण्यावर ती रॉकेलच्या इंजिनांनी चाले, पाण्याखाली विजेवर. इंजिनांचा धूर दिवसा आणि ठिणग्या रात्री दुरून दिसत. लपण्यासाठीच जन्मलेल्या नौकेची ही तऱ्हा! पहिले महायुद्ध पेटले तोवर ती जुनाट ठरली होती. म्हणून लढाईवर न पाठवता तिच्यावर नवखे खलाशी शिकवले गेले. टाक्यांत किती पाणी घ्यावे, तोल कसा राखावा, हे पोथी वाचून थोडेच येते?

बांधणीचेही तसेच आहे. १९८१ च्या डिसेंबरात भारताने पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ कीललाच तयार होऊन १९८६ मध्ये नौदलात आल्या. (शिशुमार हे भागवतातल्या ताराचक्राचे नाव, जंतरमंतर असलेल्या आपल्या गावास ते परके नाही.) उरलेल्या दोन माझगावात बांधायच्या, म्हणून आपले कारागीर जर्मनीत शिकून आले. पाणबुडीच्या पोलादी कवचाचा एक सांधा कच्चा राहिला तरी आतल्या सर्वांच्या जिवावर बेतते. तिथे हात बसण्यास वर्षे लागतात. तो बसला. ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली.

आणि तिथेच काम थांबले. या व्यवहारात दलाली दिल्याचा आरोप १९८७ मध्ये झाला होता. पुढच्या नौकांचा विचार बारगळला. दलालांची चौकशी अवश्य व्हावी, पण त्यापायी कारागिरांचे हात का रिकामे ठेवावेत, हे प्रस्तुत लेखकास आजवर उमगलेले नाही. शिकलेली माणसे पांगली, निवृत्त झाली. २००५ मध्ये फ्रान्सशी नवा करार झाला, तेव्हा माझगावास पुष्कळसे धडे पुन्हा गिरवावे लागले. त्यातली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात आली ती ‘शंकुल’नंतर २३ वर्षांनी, १४ डिसेंबर २०१७ रोजी. योगायोग असा की, ‘यू-१’ दाखल झाली तीही तारीख हीच.